पदकांवरून अधिकाऱ्याची कारकीर्द कशी वाचावी: फ्रेडरिक रॉबर्ट्स यांचा पदकसंच

प्रश्न असा आहे की, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एखाद्या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याची मोहीम-पदके समोर ठेवली असता केवळ त्यांवरून त्याची कारकीर्द कितपत विश्वासाने मांडता येते, आणि फितीवरच्या पट्ट्या, म्हणजे क्लास्प, जास्त असले तर तो अधिकारी अधिक लढवय्या होता असे मानावे काय.

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: तसे मानू नये. मोहीम-पदक हे शौर्याचे प्रमाणपत्र नव्हे. ठरावीक तारखांच्या दरम्यान, ठरावीक भूभागात, ठरावीक सेनापतीच्या हुकमतीखाली हा माणूस पटावर हजर होता, एवढेच ते सांगते. क्लास्पही तेच सांगतो, फक्त जागा आणि तारखा अधिक आवळून. त्यामुळे पदके वाचणाऱ्याला लढायांच्या कथांपेक्षा पदकवाटपाचे नियम अधिक पक्के ठाऊक असावे लागतात. कोणाला पदक मिळाले याच्या जोडीला कोणाला मिळू शकत नव्हते हेही माहीत असावे लागते. हे तपासून पाहण्यासाठी ज्याचे आयुष्य इतर साधनांतून तपशीलवार ज्ञात आहे असा अधिकारी घ्यावा, म्हणजे पदके कोठे खरे बोलतात, कोठे गप्प बसतात आणि कोठे चकवतात हे ताडून पाहता येते. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याइतका सोयीचा अधिकारी मला दुसरा दिसत नाही.

फ्रेडरिक रॉबर्ट्स यांचा जन्म 30 सप्टेंबर 1832 रोजी कानपूरचा. वडील अब्राहम रॉबर्ट्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ईटन, थोडा काळ सँडहर्स्ट आणि मग कंपनीच्या अधिकाऱ्यांना तयार करणारी ॲडिसकोम्ब येथील शाळा, असे शिक्षण होऊन डिसेंबर 1851 मध्ये त्यांना बंगाल तोफखान्यात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. राणीच्या पायदळात आणि घोडदळात 1871 पर्यंत हुद्दे पैसे भरून विकत घेता येत. कंपनीच्या सैन्यात तशी पद्धत नव्हती, आणि बढती ज्येष्ठतेने, वरची जागा रिकामी होईल तशी मिळे. त्यामुळे कंपनीच्या तोफखान्यातील अधिकारी तिशीपर्यंत लेफ्टनंटच राहिला असेल, तर त्यावरून तो मागे पडलेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. लायक माणसाला लवकर वर आणण्याचा मार्ग म्हणजे ब्रेव्हेट हुद्दा: सैन्यात मान वरच्या हुद्द्याचा, पण आपल्या पलटणीत किंवा दलात जागा खालचीच. रॉबर्ट्स 12 नोव्हेंबर 1860 रोजी कॅप्टन झाले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेव्हेट मेजर. पदकाच्या कडेवर जो हुद्दा कोरलेला असतो तो यांपैकी कोणता, हे ताडल्याशिवाय बढत्यांचा क्रम मांडायला बसू नये.

त्यांचे पहिले मोहीम-पदक 1857 च्या उठावाचे. हे पदक 1858 मध्ये मंजूर झाले. पांढरी फीत आणि तिच्यावर दोन लाल पट्टे. क्लास्प एकूण पाच: दिल्ली, लखनौचा बचाव, लखनौची सुटका, लखनौ, आणि मध्य भारत. रॉबर्ट्स यांच्या पदकावर तीन आहेत: दिल्ली, लखनौची सुटका आणि लखनौ. आता केवळ हे तीन क्लास्प वाचून काय कळते ते पाहू. 30 मे ते 14 सप्टेंबर 1857 या काळातील दिल्लीच्या वेढ्यात ते होते. नोव्हेंबरमध्ये सर कॉलिन कॅम्पबेल लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्यांना सोडवायला गेले, त्या फौजेत ते होते. आणि मार्च 1858 मध्ये लखनौ पुन्हा जिंकून घेतले तेव्हाही ते तेथे होते. ‘लखनौचा बचाव’ हा क्लास्प नाही, म्हणजे ते वेढ्याच्या आत नव्हते, बाहेरून आले. इथवर वाचन अगदी बरोबर ठरते.

पण या तीन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बरेच काही राहून जाते. 14 जुलै 1857 रोजी दिल्लीपुढच्या चकमकीत त्यांच्या पाठीत गोळी लागली. कमरेची कातडी थैली सरकून मागे गेली होती म्हणून ते बचावले. मोहीम-पदकावर जखमेची खूण नसते. 6 डिसेंबर 1857 रोजी कानपूरजवळ कॅम्पबेलच्या फौजेने तात्या टोपे यांच्या नेतृत्वाखालील ग्वाल्हेर कंटिंजंटचा, म्हणजे उठावात सामील झालेल्या ग्वाल्हेरच्या फौजेचा, पराभव केला, त्या लढाईतही रॉबर्ट्स होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही त्या साऱ्या मोहिमेतील महत्त्वाची लढाई, परंतु तिच्यासाठी क्लास्पच काढलेला नाही. त्यानंतर 2 जानेवारी 1858 रोजी फत्तेगडजवळ खुदागंज येथे पाठलाग चालू असताना एका सवारावर संगीन रोखून उभ्या असलेल्या शिपायाला त्यांनी कापले, आणि लगेच निशाण घेऊन पळणाऱ्या दोघांवर घोडा घालून ते निशाण हिसकावून घेतले. तेवढ्यात एकाने अगदी जवळून झाडलेली बंदूक उडाली नाही. या कृत्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे ज्या दिवसामुळे त्यांचे नाव सैन्यभर झाले, त्या दिवसाचा मोहीम-पदकावर मागमूसही नाही. तो दिवस फक्त क्रॉसच्या मागील बाजूस, तारखेच्या रूपात कोरलेला आहे.

ज्याला वाचवले तो सवार हिंदी होता. त्याने तसेच काही करून दाखवले असते तरी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकला नसता, कारण हिंदी सैनिकांना हा क्रॉस 1911 पर्यंत खुला नव्हता. त्यांच्यासाठी 1837 पासून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ होती आणि तिच्याबरोबर पगारात व निवृत्तिवेतनात वाढ मिळे. पदकसंचात एखादी वस्तू नसण्याचे कारण पुष्कळदा असे नियमात दडलेले असते, माणसाच्या कर्तृत्वात नव्हे.

रॉबर्ट्स यांच्या पदकावर ‘मध्य भारत’ हा क्लास्प नाही. लखनौ पडल्यानंतर प्रकृती खालावल्यामुळे ते 1858 मध्ये रजेवर विलायतेला गेले, आणि सर ह्यू रोझ यांची झाशी, काल्पी, ग्वाल्हेर ही मोहीम त्यांनी पाहिली नाही. येथे नवख्या अभ्यासकांना हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. ‘मध्य भारत’ क्लास्पच्या पात्रतेत रोझ यांच्या फौजेबरोबर ‘मेजर जनरल रॉबर्ट्स’ यांची फौजही येते. हे रॉबर्ट्स वेगळे. ते मुंबई सैन्याचे हेन्री जी रॉबर्ट्स. राजपुताना फील्ड फोर्सचे सेनापती, ज्यांनी मार्च 1858 मध्ये कोटा घेतले. त्या वेळी आपले फ्रेडरिक रॉबर्ट्स लेफ्टनंट होते. आडनाव एक असले की कागदांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून नावाबरोबर दल, हुद्दा आणि तारीख या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय कोणताही उल्लेख आपल्या अधिकाऱ्याच्या खात्यावर टाकू नये. आपल्याकडच्या संग्रहांत ‘मध्य भारत’ क्लास्प असलेली मुंबई सैन्याची पदके दिसतात आणि त्यांचा इतिहास झाशीपाशी जोडण्याचा मोह होतो. पण तो क्लास्प रोझ यांच्या तुकड्यांइतकाच राजपुतान्यातील आणि व्हिटलॉक यांच्या मद्रास सैन्यातील माणसांनाही मिळालेला असल्याने, पलटण कोणती हे पाहिल्याशिवाय झाशीचे नाव घेणे योग्य नाही.

यापुढचे पदक 1854 चे इंडिया जनरल सर्व्हिस. हे एकच पदक चाळीस वर्षे चालले. प्रत्येक नव्या मोहिमेला नवे पदक न देता त्याच फितीवर क्लास्प चढत गेला. रॉबर्ट्स यांना त्यावर मिळालेल्या क्लास्पमध्ये वायव्य सरहद्दीवरची 1863 ची उंबेला मोहीम, लुशाई टेकड्यांतील (आजचे मिझोराम) 1871–72 ची मोहीम आणि 1885–87 चा बर्मा हे येतात. म्हणजे एका चांदीच्या तुकड्यावर ब्रेव्हेट मेजरपासून सरसेनापतीपर्यंतची वाटचाल. परंतु अशा पदकाच्या कडेवर साधारणपणे पहिल्या क्लास्पच्या वेळचेच नाव, हुद्दा आणि दल राहते. पुढचे क्लास्प नुसते वर जोडले जातात. त्यामुळे कडेवर कॅप्टन लिहिलेल्या पदकावर बर्माचा क्लास्प दिसला, तर लगेच ते बनावट म्हणू नये, आणि तो माणूस बर्मात कॅप्टन होता असेही म्हणू नये.

आणखी एक खबरदारी. उंबेलाचा क्लास्प मोहिमेनंतर सहा वर्षांनी, 1869 मध्ये मंजूर झाला. त्याच वेळी मंजूर झालेल्या ‘नॉर्थ वेस्ट फ्रंटियर’ या क्लास्पमध्ये तर 1849 पासूनच्या सरहद्दीवरील मोहिमा मोडतात. याहून टोकाचे उदाहरण आपल्या घरचे आहे. असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव या लढायांचे क्लास्प असलेले ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले 1851 मध्ये, म्हणजे असईनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. आणि ते हयात असलेल्यांपुरतेच होते. त्यावर चेहरा व्हिक्टोरिया राणीचा आहे, पण असईच्या वेळी ती जन्मलीही नव्हती. तेव्हा पदकावरचे राजमुख पाहून लढाईचा काळ ठरवणे, ही या क्षेत्रातील सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग पडणारी चूक आहे.

उंबेलाबद्दल एवढेच सांगतो की, तेथे रॉबर्ट्स लढाऊ तुकडीबरोबर गेले नव्हते. मोहीम अडकून पडल्यावर तेव्हाचे सरसेनापती सर ह्यू रोझ, म्हणजे झाशीचे तेच रोझ, यांनी त्यांना आणि ॲडाय या दुसऱ्या अधिकाऱ्याला प्रत्यक्ष परिस्थिती पाहून अहवाल देण्यासाठी धाडले, आणि शेवटच्या लढाया त्यांच्या वाट्याला आल्या. रॉबर्ट्स यांची पहिली वीस वर्षे बहुतांशी क्वार्टरमास्टर जनरलच्या खात्यात गेली आहेत, हे त्यांच्या पदकांवरून मुळीच उमगत नाही. मुक्काम, रस्ते, खेचरे, उंट, धान्य, जहाजे ही त्या खात्याची कामे. पुढे काबूल ते कंदाहार हा कूच ज्यांना चमत्कार वाटला, त्यांनी ही वीस वर्षे विचारात घेतलेली नसतात.

ॲबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियातील मोहिमेचे, पदक याचा उत्तम पुरावा आहे. सम्राट थिओडोर याने ब्रिटिश वकील व इतर युरोपीय लोकांना कैदेत ठेवल्यावरून 1867–68 मध्ये ही मोहीम निघाली, आणि ती मुख्यतः मुंबईची मोहीम होती: सेनापती सर रॉबर्ट नेपियर हे मुंबई सैन्याचे सरसेनापती, फौजेचा मोठा भाग मुंबई सैन्याचा, आणि तोफा ओढण्यासाठी नेलेले हत्तीसुद्धा समुद्रमार्गे लाल समुद्रावरील झुला बंदरावर उतरवले गेले. 10 एप्रिल 1868 रोजी अरोगीची लढाई झाली आणि 13 एप्रिलला थिओडोरचा मगडाला हा डोंगरी किल्ला पडला. पदक दिसायला फार सुरेख आहे. नेहमीच्या 36 मिलिमीटर पदकांपेक्षा लहान, राणीच्या चेहऱ्याभोवती नऊ टोकांची तारका आणि तिच्या टोकांमध्ये देशाच्या नावाची अक्षरे. ब्रिटिश सैनिकाचे नाव कडेवर न कोरता मागील बाजूच्या मध्यभागी उठावदार अक्षरांत घातलेले असते. त्यामुळे प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र ठसा लागे, आणि हे नाव खोडून दुसरे घालणे फार अवघड असल्याने या पदकात नावाची लबाडी क्वचित आढळते.

रॉबर्ट्स यांच्याकडे हे पदक आहे, आणि त्यावरून कोणीही लिहील की ते मगडाला येथे लढले. ते मगडाला येथे गेलेच नाहीत. बंगालहून आलेल्या ब्रिगेडचे अधिकारी म्हणून ते आले, आणि नेपियर यांनी त्यांना झुलाच्या तळावर ठेवले. प्यायचे पाणी जहाजांवर समुद्राचे पाणी उकळून मिळवावे लागे अशा त्या उन्हात चार महिने त्यांनी माल उतरवून घेण्याचे आणि पुढे पाठवण्याचे काम केले. या पदकाला एकही क्लास्प नाही, म्हणून किनाऱ्यावरचा माणूस आणि डोंगरावर चढलेला माणूस यांच्यात पदक कोणताही भेद करत नाही. नेपियर यांनी मात्र भेद केला, तो असा की शेवटचा खलिता लंडनला नेण्याचा मान रॉबर्ट्स यांना दिला आणि ऑगस्ट 1868 मध्ये ते ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल झाले. लढाई न पाहता मिळालेली ही बढती लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात दिसते, पदकावर नव्हे.

अफगाणिस्तानचे दुसरे युद्ध हा या पदकसंचाचा गाभा. या पदकाचे क्लास्प सहा: अली मशीद, पेवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल, कंदाहार. एका माणसाला जास्तीत जास्त चार मिळाले, आणि रॉबर्ट्स यांना चार आहेत: पेवार कोतल, चारासिया, काबूल, कंदाहार. पाच-सहा क्लास्प असलेले अफगाणिस्तान पदक कोणी दाखवले, तर पुढची चर्चा तेथेच थांबवावी. या चार नावांतून मोहिमेचा नकाशा उमटतो. 2 डिसेंबर 1878 रोजी कुर्रम खोऱ्यातून जाताना पेवार कोतल ही खिंड, जेथे समोरून तोफा डागत ठेवून रॉबर्ट्स स्वतः रात्री डोंगराला वळसा घालून बाजूने उतरले. त्याच महिनाअखेर ते कायम हुद्द्याचे मेजर जनरल झाले. सप्टेंबर 1879 मध्ये काबूलमध्ये ब्रिटिश वकील कॅव्हानरी मारले गेले, आणि त्याचा बदला घ्यायला निघालेल्या फौजेने 6 ऑक्टोबरला चारासिया येथे लढाई जिंकली. काबूलचा क्लास्प हा डिसेंबरमधल्या शेरपूर छावणीभोवतीच्या लढायांचा. अहमद खेल नाही, कारण ती एप्रिल 1880 मधली लढाई डोनाल्ड स्टुअर्ट यांच्या, कंदाहारहून वर येणाऱ्या फौजेची.

काबूल ताब्यात आल्यावर रॉबर्ट्स यांनी लष्करी मंडळापुढे खटले चालवून कितीतरी अफगाणांना फासावर दिले, आणि खुद्द इंग्लंडमध्ये त्यावर कडक टीका झाली. चारासिया आणि काबूल या दोन क्लास्पच्या मधल्या आठवड्यांत हे घडले. ज्यांना पदकांवरून चरित्र लिहायचे आहे त्यांनी ही जागा रिकामी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदकांची भाषा सरकारची असते आणि सरकार स्वतःच्या फाशांसाठी क्लास्प काढत नाही.

पराभवासाठीही काढत नाही, आणि येथे मुंबई सैन्याचा संबंध थेट येतो. 27 जुलै 1880 रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे ब्रिगेडियर जनरल बरोज यांच्या फौजेचा अफगाण राजपुत्र अयूब खान याने धुव्वा उडवला. त्या फौजेत 66 वी गोरी पलटण आणि रॉयल हॉर्स आर्टिलरीची तुकडी सोडली, तर बाकी माणसे मुंबई सैन्याची होती: पहिली मुंबई ग्रेनेडियर्स, 30 वी अर्थात जेकब रायफल्स, तिसरी मुंबई लाइट कॅव्हलरी, तिसरी सिंध हॉर्स, आणि मुंबई सॅपर्सची तुकडी, जिचा अधिकारी लेफ्टनंट हेन शेवटपर्यंत माघार झाकत लढताना पडला. सुमारे अडीच हजारांतून जवळजवळ हजार माणसे मेली. मैवंदचा क्लास्प नाही. त्यामुळे त्या युद्धातील सर्वात भयंकर दिवस भोगलेल्या मुंबई सैनिकाच्या अफगाणिस्तान पदकावर एकही पट्टी नसू शकते, आणि बाजारात ‘क्लास्प नसलेले’ म्हणून ते कमी भावात जाते. पलटण मुंबईची, पदक बिनक्लास्पचे, असे दिसले की मी सर्वप्रथम मैवंदच्या याद्या तपासतो.

मैवंदची बातमी काबूलला पोहोचल्यावर कंदाहारात वेढलेल्या सैन्याच्या सुटकेसाठी रॉबर्ट्स सुमारे 10,000 सैनिक घेऊन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघाले, सुमारे 500 किलोमीटर चालून 31 तारखेला कंदाहारला पोहोचले आणि 1 सप्टेंबरला त्यांनी अयूब खानाचा पराभव केला. शेवटचे काही मुक्काम ते तापाने फणफणलेले असल्याने डोलीतून नेले जात होते. या कूचासाठी वेगळी पाच टोकांची तारका काढली, ती अयूब खानाकडून जिंकलेल्या तोफांच्या कांस्याची. आता नियम पाहा. तारका कूच करणाऱ्या फौजेला, आणि वाटेत कलात-इ-घिलझाईहून तिला सामील झालेल्यांना. कंदाहारच्या तटाआड अडकलेल्या सैन्याला तारका नाही. ‘कंदाहार’ हा क्लास्प मात्र 1 सप्टेंबरच्या लढाईचा, तो आतून बाहेर येऊन लढलेल्यांनाही. म्हणून कंदाहारचा क्लास्प आहे पण तारका नाही, असा संच पाहून एक पदक गहाळ झाले असे गृहीत धरू नये. तो माणूस बहुधा आतल्या फौजेतला, आणि पुष्कळदा मुंबई सैन्याचा असतो. उलट, चांदीचे पदक आणि तारका एकाच पट्टीवर वर्षानुवर्षे शेजारी लटकली असतील, तर तारकेची टोके घासून शेजारच्या पदकावर बारीक खड्डे पडतात. रॉबर्ट्सच्या फौजेतील संच म्हणून जो विकला जातो, त्यात हे खड्डे नसले तर मी सावध होतो.

या तारकेचा एक मानकरी चार पायांचा आहे. रॉबर्ट्स यांनी 1877 मध्ये मुंबईत एक करडा अरबी घोडा विकत घेतला आणि त्याला लुशाई सरदाराच्या नावावरून व्होनोलेल हे नाव दिले. त्याच घोड्यावरून त्यांनी काबूल-कंदाहार केले. राणीने त्याला चार क्लास्पसह अफगाणिस्तान पदक आणि कंदाहार तारका घालण्याची परवानगी दिली, पुढे 1897 चे, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचे पदकही. 1899 मध्ये डब्लिनच्या किल्मेनम येथे त्याला पुरले. मौज म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, पण ‘पदक म्हणजे हजेरी’ हे तत्त्व याहून नेमके कोणी सिद्ध केलेले नाही.

त्यानंतरची वीस वर्षे पदकांच्या दृष्टीने विरळ आहेत, आणि प्रत्यक्षात तीच सत्तेची. मद्रासचे सरसेनापती, 1885 ते 1893 हिंदुस्थानचे सरसेनापती, 1895 मध्ये फील्ड मार्शल. या काळात सैन्यभरतीत पंजाबी, गुरखे, पठाण यांना झुकते माप देणारे आणि मद्रास-मुंबईच्या पलटणींना कमी लेखणारे त्यांचे मत धोरणात उतरले. महाराष्ट्रातील भरतीवर त्याचा परिणाम त्यांच्या कोणत्याही लढाईपेक्षा खोल आहे. पदकसंचात त्या आठ वर्षांची खूण म्हणजे बर्माचा एक क्लास्प.

बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेत ते 10 जानेवारी 1900 रोजी उतरले. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी कोलेन्सो येथे त्यांचा एकुलता मुलगा तोफा वाचवताना जखमी होऊन मरण पावला होता आणि त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राणीच्या दक्षिण आफ्रिका पदकावर वडिलांचे क्लास्प पार्डेबर्गपासून योहानेसबर्ग, डायमंड हिलपर्यंत आगगाडीच्या स्थानकांसारखे ओळीने लागतात. राणीनंतर आलेल्या राजाचे, म्हणजे सातव्या एडवर्डचे, दक्षिण आफ्रिका पदक मात्र त्यांच्याकडे नाही, कारण त्यासाठी 1 जानेवारी 1902 नंतरही आघाडीवर असणे आवश्यक होते, आणि रॉबर्ट्स 1900 च्या अखेरीसच परतले होते. दोन्ही पदकांची जोडी नसणे ही येथे तारखेची साक्ष आहे.

आता आपल्यासमोरच्या संचाकडे कसे वळावे ते सांगतो. आधी प्रत्येक पदकाची कडा भिंगाखाली वाचून नाव, हुद्दा, दल जसेच्या तसे उतरवून घ्यावे, चुकीचे स्पेलिंगही दुरुस्त करू नये. मग कडेची अक्षरे त्या पदकाच्या काळातील अधिकृत शैलीची आहेत का ते पाहावे. जुने नाव घासून नवे घातले असेल, तर कडेची धार पातळ लागते आणि व्यास सच्च्या नमुन्यापेक्षा किंचित कमी भरतो. क्लास्प एकमेकांना जोडणाऱ्या रिव्हेटा पाहाव्यात. एकच क्लास्प नव्या रिव्हेटांनी लावलेला असेल तर तो नंतर चढवला असण्याची शंका घ्यावी. त्यानंतर कागद. ब्रिटिश सैन्याच्या पदकयाद्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, कंपनी व हिंदी सैन्याच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत. हार्टची आर्मी लिस्ट म्हणजे अधिकाऱ्यांची छापील यादी; तीत अधिकाऱ्याच्या नावाखालच्या टिपेत त्याची युद्धसेवा दिलेली असते, आणि सलग काही वर्षांच्या प्रती पाहिल्या की ब्रेव्हेट व कायम हुद्दे वेगळे करता येतात. मुंबई सैन्याच्या अधिकाऱ्यासाठी मुंबईच्या पुराभिलेखागारातील लष्करी विभागाचे दफ्तरही पाहावे. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील स्मृतिफलकही पाहून घ्यावेत. तेथील नावे कधीकधी यादीतील शंका फेडतात.

पदकयादी, आर्मी लिस्ट आणि कडा या तिघांत विसंगती आली, तर मी आधी यादीला मानतो, आणि तरीही मेळ बसला नाही तर त्या क्लास्पच्या पात्रतेचा मूळ आदेश वाचतो. बहुतेक वेळा गाठ तेथेच सुटते.

पदकांना पॉलिश लावू नये. गणवेशावर वागवलेल्या पदकाची झीज हाही पुरावाच असतो, आणि चकचकीत करण्याच्या नादात कडेची अक्षरे बुजली की तो कायमचा जातो. शिवाय शंभर वर्षांहून जुनी असल्याने ही पदके 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. परदेशातील लिलावात पाठवण्याचा कोणी सल्ला दिला, तर खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत हे त्याला आधी सांगावे.